बारा वाढले

“…म्हणजे वाढवायची की नाही, एवढंच सांगा अक्का. हो किंवा नाही.”

अक्का ताटातले गहू निवडत होत्या.

विचारणारे होते आमदार भालचंद्र जाचक. माणच्या माळावरच्या या मठात ते वीस वर्षं येत होते आणि वीस वर्षांत एकदाही सरळ उत्तर घेऊन परत गेले नव्हते. तरी सवय जात नव्हती. सभागृहात भल्याभल्यांना ‘हो की नाही’ विचारून घाम फोडणारा माणूस. इथं आला तरी तेच.

प्रश्न टेहळणीच्या कायद्याचा होता. पाच वर्षांपूर्वी जाचकांनीच तो सभागृहातून पार करून घेतला होता. सरकारनं कुणाचाही फोन ऐकावा, संशय आला तर माणूस उचलावा, कारण सांगू नये. फक्त पाच वर्षांसाठी हो, असं तेव्हा सगळ्यांना समजावलं होतं. ती पाच वर्षं आता संपत आली होती. मुदत वाढवायची की नाही, यावर उद्या मतदान. दोन्ही बाजूंची डोकी जवळजवळ सारखी. जाचक जिकडे बोलतील तिकडे सातआठ जण झुकतील, असं लोक म्हणत होते. म्हणणाऱ्यांत जाचक स्वतःही होते.

“हो किंवा नाही,” ते पुन्हा म्हणाले.

अक्कांनी मान वर केली.

“वाढव.”

जाचकांचा जीव भांड्यात पडला. आपल्यालाही तेच वाटत होतं, असं सांगून ते उठलेच. उद्याच्या भाषणाची सुरुवातही त्यांना तिथंच सुचली. एका तपस्विनीनं मला एका शब्दात सांगितलं, वगैरे.

“कुठं निघालास?”

“तुम्ही म्हणालात ना, वाढव.”

“नारळ म्हटलं मी. आल्यापासनं हातात घेऊन बसलायस. देवापुढं वाढव, आन मग बोल.”

जाचकांनी हाताकडे पाहिलं. नारळ होता खरा.

त्यांनी तो गाभाऱ्याच्या पायरीवर आपटला. एका फटक्यात दोन भकलं. या कामात त्यांचा हात बसलेला होता. आयुष्यात किती पुलांचे आणि किती रस्त्यांचे नारळ त्यांनी वाढवले, त्याची गणती नाही. त्यातले काही पूल पुढे बांधलेही गेले.

परत येऊन बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“मी मुदतीचं विचारत होतो.”

“मी नारळाचं सांगत होते.”

“शब्द तोच आहे हो, अक्का.”

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “शब्द तोच हाय.”

…

मग जाचकांनी सगळं पहिल्यापासून मांडलं. मागल्या वर्षीची जत्रा. चाळीस हजार माणूस, आणि पाळण्याखाली ठेवलेली ती बॉम्बची पिशवी. फोन ऐकला म्हणून पिशवी सापडली. ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि पाहून पायऱ्यांवर बसून रडले होते. विरोधक म्हणतात, घराघरात सरकारचा कान कशाला? त्यांनाही जाचकांकडे उत्तर होतं. उत्तरं सगळ्यांना होती.

“मग झोप का येत न्हाई?” अक्कांनी विचारलं.

झोपेचं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

 जाचक म्हणाले की एक बाई आहे. रासने आडनावाची. नऊ दिवस त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी उभी असते. तिचा नवरा, अंबादास, या कायद्याखाली सात महिने आत आहे. बाई अर्ज देत नाही, पाया पडत नाही. गाडी बाहेर पडली की काचेजवळ येते आणि एकच वाक्य बोलते.

“काय?”

“‘ते असं बोललेच नसतील.’”

“कसं?”

“तेच तर तिला माहीत नाही. तो फोनवर काय बोलला ते गोपनीय आहे. तिला दाखवता येत नाही.”

“त्याला तरी?”

“त्यालाही नाही.”

“तुला?”

जाचक जरा ताठ झाले. आढावा समितीचे अध्यक्ष तेच होते. प्रत्येक फाईल त्यांच्या नजरेखालून जायची आणि त्यांच्या सहीनं पक्की व्हायची. ही फाईलही त्यांनीच वाचली होती, सहीही त्यांचीच होती.

“हातच्या काकणाला आरसा कशाला, अक्का? स्पष्ट वाक्य आहे.”

“सांग की मग.”

“सांगता येत नाही. बाहेर फोडलं तर दोन वर्षं कैद. ते कलम मीच घातलंय.”

“मग नगं सांगू.”

अक्का पुन्हा गव्हाकडे वळल्या. एक खडा काढला, दुसरा काढला…

त्या मनापासून नको म्हणाल्या होत्या, आणि तिथंच घोटाळा झाला. आग्रह केला असता तर जाचकांनी बाणेदारपणे नकार दिला असता. नऊ दिवस मनात कोंडलेलं वाक्य आता बाहेर पडायला बघत होतं.

त्यांनी मागे-पुढे पाहिलं. मठात दुसरं कुणी नव्हतं. मग खाली वाकून त्यांनी ते वाक्य हळू आवाजात म्हणून दाखवलं. इंग्रजीत.

“मला इंग्रजी येत न्हाई,” अक्का म्हणाल्या. “तो इंग्रजीत बोलला?”

“छे. भावाशी बोलत होता, मराठीतच बोलला असणार. समितीकडे इंग्रजी तर्जुमा येतो.”

“मग मराठीत सांग.”

जाचकांनी घसा साफ केला.

“‘बारा वाढले आहेत. बाजारात पोचेपर्यंत आणखी वाढतील.’”

टोळी बारा जणांची झाली, आणखी माणसं येऊन मिळणार, आणि ठिकाण आठवडी बाजाराचं. खात्यानं खाली तसं टिपणही जोडलं होतं. जत्रेची पिशवी डोळ्यांपुढे असताना कोण शंका घेणार होतं?

“वाढले?” अक्कांनी विचारलं.

“वाढले.”

“तो ‘वाढले’ म्हनला?”

जाचकांनी समजावून सांगितलं. इंग्रजीत तसं नसतं. ले, ल्या, ली, सगळ्याला एकच रूप. बाप्या असो, बाई असो, वस्तू असो.

“मग ‘वाढले’ कुनी केलं?”

…

“मी,” जाचक म्हणाले. “आत्ता.”

“का?”

 सात महिने जाचकांच्या डोक्यात बारा बाप्येच होते. कुणाला मिशा, कुणाच्या खांद्याला पिशवी. त्यांतला एकही त्यांनी कधी पाहिला नव्हता, तरी ते बाप्येच होते.

“करतो काय हा अंबादास?”

“फाईलीत लिहिलंय… काचेच्या मालाचा व्यापारी.”

“आडनाव रासने.”

“हो.”

“आन माल काचेचा.”

“हो…”

कासाराचं आडनाव, आणि कासाराचा काचेचा माल म्हणजे बांगड्या. अक्कांना पुढचं बोलायची गरजही नव्हती.

लहानपणी एकदा जाचक अंगणातून ओरडत घरात गेले होते, आई, तुझी बांगडी फुटली. आईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता आणि मग त्याच हातानं एक चापट दिली होती. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. कासाराला तर विचारायलाच नको. त्याच्या तोंडून ‘फुटली’ निघालं तर त्या दारात त्याला पुन्हा कोण बसू देईल?

“बारा वाढल्या,” जाचक म्हणाले.

पुढचं वाक्य बदलावंही लागलं नाही. बाजारात पोचेपर्यंत आणखी वाढतील. पेटी एसटीच्या टपावर, रस्ता खडबडीत. वाढणारच.

या सगळ्यात कुणी ध चा मा केला नव्हता. ऐकणाऱ्यानं ऐकलं, लिहिणाऱ्यानं लिहिलं, तर्जुमा करणाऱ्यानं शब्दाला शब्द ठेवला, जाचकांनी सही केली. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं आणि एक बांगड्यांचा माणूस सात महिने आत होता. 

मग जाचकांना राग आला. कुणाचा, ते कळेना, म्हणून तो अक्कांवर निघाला.

“म्हणजे कायदा पाडू?”

“मी कुठं म्हटलं?”

“पाडला तर आतले सगळे सुटतात. तो पिशवीवालाही सुटतो. तो काही बांगड्या विकत नव्हता.”

“न्हाई. माझी भाची हुती त्या जत्रेत.”

“मग वाढवू मुदत? वाढवली की आतल्यांचीही आपोआप वाढते. जुन्या फाईलींना सील लागतं. रासने पुढची पाच वर्षं तिथंच.”

“व्हय.”

“दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, अक्का?”

एक चिमणी ताटाच्या कडेवर येऊन बसली. अक्कांनी तिला हाकललं नाही. तिनं दोन दाणे खाल्ले आणि ती उडून गेली.

“आणि समजा,” जाचक म्हणाले, “समजा तो खरंच माणसांबद्दल बोलत असला तर? या लोकांची सांकेतिक भाषा असते. कासार असून टोळी करता येत नाही असं थोडंच आहे.”

“असंल.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मी ऐकलं न्हाई. तू ऐकलंस?”

“मी… वाचलं.”

“मग ऐकलं कुनी?”

जाचक विचार करू लागले. यंत्रानं साठवलं. कारकुनानं उतरवलं. दुसऱ्यानं तर्जुमा केला. तिसऱ्यानं टिपण लिहिलं. चौथ्यानं फाईल बांधली. पाच वर्षं सरकारनं लोकांच्या घराघरात कान लावला होता, आणि ऐकलं कुणी म्हटल्यावर त्यांना एक नाव सांगता येईना.

ते पुरते गोंधळले होते. आले तेव्हा एक प्रश्न होता आणि त्याची दोन उत्तरं. आता प्रश्न किती, हेही समजत नव्हतं. उद्या हात वर करायचा की खाली ठेवायचा, ते तर मुळीच नाही. त्यांना लाज वाटत होती. शब्द पेलण्यात त्यांचा हात धरणारा सभागृहात दुसरा कुणी नव्हता, निदान मठात येईपर्यंत त्यांचं तसं मत होतं.

एवढं मात्र कळत होतं की ती मूळ टेप आजच्या आज कुणीतरी कानांनी ऐकायला हवी. ले की ल्या. मतदानाच्या आधी. उद्या सील लागलं की ते एक अक्षर कायमचं आत राहणार.

राजधानी इथून सहा तास. पोचेपर्यंत कार्यालय बंद. राहिला फोन.

ते उठले आणि मठापुढच्या चिंचेखालच्या पारावर जाऊन उभे राहिले. तिथंच काय ती रेंज यायची. खात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याचा नंबर लावला. घंटी वाजू लागली… आणि त्यांच्या लक्षात आलं.

फाईलीतलं वाक्य फोनवर काढायचं म्हणजे गोपनीय गोष्ट फोडायची. कलम त्यांचंच. कैदी रासने, बारा, बाजार, मूळ टेप, उद्याच्या आत. यातला कुठला शब्द उचलून खाली कसलं टिपण जोडलं जाईल, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आमदारांचे फोन यातून वगळलेत का, हे त्यांना आठवेना. पाच वर्षांपूर्वी त्या कलमावर चर्चा झाली तेव्हा ते चहा प्यायला बाहेर गेले होते.

फाटकापाशी आत्ताही ती बाई उभी असेल. ती नऊ दिवस बोलत होती आणि त्यांनी एकदाही काच खाली केली नव्हती.

पलीकडे घंटी थांबली. कुणीतरी “हॅलो” म्हणालं.

जाचकांनी फोनवर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं. कपाळावरचा घाम त्यांनी पुसलाही नाही.

“अक्का… काय बोलू?”

पलीकडचा माणूस पुन्हा “हॅलो, हॅलो” करत होता.

अक्कांनी ताट खाली ठेवलं.

“सावकाश बोल,” त्या म्हणाल्या. “लिहून घेनारा नवा असंल.”