पुरतं न शिकवलेलं काम

फार वर्षं झाली, एका डोंगराळ गावात कानाची मशिनं बनवणारा छोटा कारखाना होता. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या कानात बसणारी ही मशिनं. आतल्या केसासारख्या बारीक तारा सोल्डरिंगने, म्हणजे सोल्डर हा मऊ धातू वितळवून, जोडायचं काम द्वारकाबाईंकडे होतं. त्यांनी जोडलेली तार कधी सुटली नाही.

एकदा बहिऱ्या मुलांच्या शाळेकडून मोठी मागणी आली. मालकांनी गावातल्या दहा मुली कामावर घेतल्या. म्हणाले, "द्वारकाबाई, महिनाभर काम बंद राहिलं तरी चालेल, पण या पोरींना तुमच्यासारखं तयार करा."

बाईंना वाटलं, सगळ्यांनाच आलं, तर उद्या आपल्याला कोण विचारणार?

त्यांनी शिकवलं, पण हातचं राखून. आधी तार तापवायची आणि त्या तापल्या तारेवरच सोल्डर वितळू द्यायचं, ही खरी खुबी. ती त्यांनी सांगितलीच नाही. मंजुळा नावाची मुलगी सारखी विचारायची, "बाई, तुमचा जोड चकचकीत दिसतो. माझाच असा मळकट का?"

"हात बसला की होईल," बाई म्हणायच्या.

मशिनं शाळेत गेली. तिसऱ्या आठवड्यात शाळेचे गुरुजी मशिनांची खोकी परत घेऊन आले. "शिकवता शिकवता एकेका मुलाचं मशीन बंद पडलं," ते म्हणाले. "एक पोर तर रडायलाच लागली. तिला वाटलं, मी रागावलोय म्हणून बोलत नाही."

मालकांनी एक मशीन उघडलं. तार जोडलीच गेली नव्हती, नुसती टेकलेली होती. "या पोरींना जमायचंच नाही," ते म्हणाले. मुली माना खाली घालून उभ्या होत्या. खरी खुबी सांगायचं सोडून द्वारकाबाई आपल्या जागेवर जाऊन पुढची तार जोडू लागल्या.

मालकांनी मुलींना कामावरून काढलं. पुढे मागण्या थांबल्या. एकट्या बाईंच्या हातावर कारखाना किती दिवस चालणार? दाराला कुलूप लागलं.

मग एके दिवशी बाई मंजुळाच्या घरी गेल्या. ती नुकतीच वीटभट्टीवरून आली होती.

"मी तुला पुरतं शिकवलं नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "चल, आज शिकवते."

मंजुळाने विचारलं, "म्हणजे माझा हात वाईट नव्हता?"

"नव्हता."

"मग आता शिकून कामाला बसू कुठे, बाई? कारखान्याला तर कुलूप आहे."



तात्पर्य इतकंच: सोबतच्यांना पुरतं शिकवलं नाही, तर शिकवणाऱ्याचंही काम टिकत नाही, आणि शिकवायची वेळ एकदा गेली की शिकवण्याची इच्छा उपयोगाची राहत नाही.