खिडकीपाशी खाट

पायांनी अधू सगुणाने आपल्या घरी राहायला कायद्याने मिळणारा मदतनीस मागितला, तर समाजकल्याण खात्याचे दाभाडेसाहेब तिलाच अपंगांच्या आश्रमात न्यायला दारात हजर! ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं, शिपायाने बॅग उचलली, तेव्हा कुठे साहेबांची स्वारी उतरली.

"ज्याला उठता-बसता दुसऱ्याचा हात लागतो, त्याने घरी राहायचं नाही," साहेब गरजले. "नियम म्हणजे नियम!"

"सगळ्यांना का, साहेब?"

"अगदी सगळ्यांना!" म्हणत साहेबांनी नुसता हात पुढे केला. शिपायाने त्यात पाण्याचा ग्लास ठेवला.

सगुणा शिपायाकडे वळली. "दादा, आश्रमात साहेबांची खाट खिडकीपाशी टाका हं. आणि त्यांना पोचवून मोकळे झालात की इथंच या. मी घरातून हलत नाही, आणि मला मदतनीस हवाच आहे."