तलवारवालीचा पासपोर्ट

एकदा एका तालुक्याच्या गावी एक दंतवैद्य होता आणि त्याला बाहुल्या जमवण्याचा नाद होता. बाहुल्या हा शब्द माझा. त्याच्यासमोर उच्चाराल, तर भूल न देता तुमची दाढ काढेल. तो म्हणे, "फिगर म्हणा." जपानी चित्रमालिका असतात ना, मुलं ज्यांना ॲनिमे म्हणतात, त्यांतल्या वीरांच्या आणि वीरांगनांच्या या वीतभर उंचीच्या रंगीत मूर्ती. डॉक्टर प्रसन्न हेर्लेकरांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात अशा एक्केचाळीस मूर्ती होत्या. दर रविवारी डॉक्टर मऊ ब्रशने त्यांची धूळ झाडत, एकेकीला पांढऱ्या कागदासमोर उभी करत, दोन बाजूंना दोन दिवे लावत आणि फोटो काढत. आता माणसाला एखादा छंद असावा, त्याबद्दल आमचं काहीएक म्हणणं नाही.

म्हणणं होतं ते त्यांच्या पत्नीचं. मंजिरीबाई हायस्कुलात गणित शिकवत. नवऱ्याने दाखवलेला प्रत्येक फोटो त्या गॅस सिलिंडरच्या पावतीइतका वेळ बघत आणि "छान" म्हणून परत करत. एका रविवारी मात्र त्या थांबल्या.

"प्रसन्न, खरं सांगू? रागावू नकोस. तुझा एकही फोटो मी दुसऱ्यांदा बघितलेला नाही. बघावासाच वाटत नाही रे. दिवाळीपर्यंत असा एक फोटो काढ, की मी आपणहून परत मागेन. नाही जमलं, तर हे कपाट माळ्यावर जाईल आणि इथे माझं पेपर तपासायचं टेबल येईल."

डॉक्टरांनी वर माळ्याकडे पाहिलं. माळ्यावर पत्रा आहे. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात ते नाजूक प्लास्टिक मऊ पडतं. एका वैशाखात एक्केचाळीसही मूर्ती गुडघ्यात वाकल्या असत्या. आणि मंजिरीबाई बोलल्या ते करत, हे डॉक्टर बारा वर्षांच्या संसारात शिकले होते.

गावात एस. टी. स्टँडमागे शिकलगार चाचांचा फोटो स्टुडिओ होता. वय ऐंशीच्या आसपास, दृष्टी अजून तीक्ष्ण, बोलणं मोजकं. तीन पिढ्यांची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली होती. डॉक्टर आपली सर्वांत लाडकी मूर्ती कापसात गुंडाळून त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "चाचा, मला शिष्य करून घ्या. माझं कपाट वाचवा."

चाचांनी मूर्ती टेबलावर ठेवली. एक तरुण योद्धी होती ती. डाव्या पायाच्या चवड्यावर उभी, उजवा पाय हवेत, दोन्ही हातांनी डोक्यावर तलवार उगारलेली, केस मागे उडालेले. मग चाचांनी डॉक्टरांच्या मोबाइलमधले तिचे फोटो बघितले. पन्नासेक तरी होते.

"हिच्या गळ्यात हे काय हो, डॉक्टर?"

"ते कंपनीचं प्लास्टिक. केसांचा रंग गळ्याला लागू नये म्हणून आत खोचलेलं येतं. मी कुणाचंच काढलेलं नाही. जशी आली तश्शी ठेवली आहे!"

"येऊन किती वर्षं झाली?"

"पाच."

"हं," चाचा म्हणाले. ते उठले, कोपऱ्यातली केरसुणी उचलून त्यांनी ती डॉक्टरांच्या हाती दिली, एक प्लास्टिकची पिशवी फाडून डॉक्टरांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये गळ्याभोवती खोचली आणि म्हणाले, "उभे राहा. हिच्यासारखे."

डॉक्टर चकित झाले. परंतु गुरूची आज्ञा. त्यांनी केरसुणी उगारली आणि एका चवड्यावर उभे राहिले. पहिलं मिनिट त्यांनी मोठ्या रुबाबात काढलं. दुसऱ्या मिनिटाला पोटरी बोलू लागली. चाचा शांतपणे लेन्स पुसत होते. लेन्स पुसून झाल्यावर त्यांनी चहा मागवला. तेवढ्यात आधारकार्डाच्या झेरॉक्सबरोबर फोटो हवा म्हणून एक आजीबाई आत आल्या. नेमकी त्यांची कवळी डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात बसवली होती.

"अगोबाई, डॉक्टर! बरं आहे ना सगळं?"

"बोलू नका आजी, पडेन!"

आजीबाईंनी कवळीवरून एकदा जीभ फिरवली आणि फोटो न काढताच निघून गेल्या. डॉक्टर घामाने निथळले, भुवया वर गेल्या, ओठ दातांखाली आले, आणि शेवटी ते ओरडले, "चाचा, पोटरी फाटली हो! आणि हे गळ्यातलं काढा आधी, टोचून जीव गेला माझा!"

त्याच क्षणी चाचांनी कॅमेरा उचलून बटण दाबलं. मग त्यांनी डॉक्टरांना खुर्ची दिली, आपल्या कपातला अर्धा चहा दिला, आणि ते बोलू लागले.

"डॉक्टर, पंचेचाळीस वर्षं मी पासपोर्टचे फोटो काढतोय. मागं पांढरा पडदा, दोन दिवे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. तो फोटो सरकारला लागतो. हा माणूस तोच आहे एवढं कळलं की सरकारचं काम झालं. तो कुणी भिंतीवर लावलेला मी बघितला नाही. आत्ता काढला तो तुमचा मात्र कुणीही थांबून बघेल. तुम्ही या पोरीचा पन्नास वेळा पासपोर्ट काढलाय. कुठं पाठवायची आहे हिला? ती पाच वर्षं एका पायावर उभी आहे. तिचा पाय दुखतो का, ती कुणावर धावून चाललीय, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का? तुम्हाला काळजी धुळीची आणि डागाची. अहो, दुकानात परत द्यायची असल्यासारखी सांभाळलीय तुम्ही हिला. तुमची झाली कधी ती?"

खूप लागलं डॉक्टरांना ते. लोकांच्या जबड्यात रोज हात घालणारा माणूस. पण खिशातल्या चिमट्याने ते प्लास्टिक ओढायला त्यांनी तीनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. पाच वर्षांत ते चिकटून बसलं होतं. निघालं, आणि त्याच्याबरोबर गळ्यावरचा रंगही निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. आतला तांबूस भाग उघडा पडला.

"चाचा, गेली हो! वाया गेली!" डॉक्टरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"आता काढा फोटो," चाचा म्हणाले.

स्टुडिओमागे छोटं अंगण होतं. डॉक्टरांनी तिला मातीत उभी केली आणि इस्त्रीच्या शर्टासकट पालथे पडले. तिचा घोटा डोळ्यांसमोर आला, तशी त्यांची स्वतःची पोटरी ठणकली. त्या घोट्यापासून वर, उगारलेल्या तलवारीपर्यंत, त्यांनी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. जेवणाची वेळ टळून गेली, तरी ते उठले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मोबाइल पत्नीपुढे धरला. मंजिरीबाईंनी पाहिलं, "छान" म्हणाल्या आणि मोबाइल परत केला. डॉक्टरांनी मान खाली घातली. कपाट कुणाकडून उचलवायचं, याचा विचारही त्यांच्या मनात सुरू झाला.

स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेल्या मंजिरीबाई मागे वळल्या.

"दाखव बघू परत. हिच्या गळ्याला काय लागलंय रे?"

रंग, प्लास्टिक, पाच वर्षं, सगळं खरं उत्तर डॉक्टरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"लढाईत लागलं असेल."

"आणि एवढं लागूनही एका पायावर उभी आहे?"

"हो."

मंजिरीबाई सोफ्यावर टेकल्या. मोबाइल त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ नेला. कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली.

"मंजिरी," डॉक्टर भीत भीत म्हणाले, "ते कपाटाचं..."

"थांब रे जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या, "बघू दे मला."