तीन घमेल्यांना एक

नदीकाठच्या एका गावात मुकिंदा नावाचा कुंभार होता, आणि तो दमला होता. आजचा दमलेला नव्हे, वर्षानुवर्षांचा. सकाळी उठतानाच त्याला वाटायचं, रात्र कधी होतेय.

त्याच्या मडक्यांचं प्रमाण सोपं होतं. तीन घमेली मातीला एक घमेलं घोड्याची लीद. ती वाळवायची, कुटायची, चाळायची आणि मातीत घालून तुडवायची. लीद कमी पडली तर भांडं भाजताना तडकतं, हे त्याला बापाने शिकवलं होतं.

त्या उन्हाळ्यात बाजाराच्या वाटेवरची विहीर आटली. गावाने पाणपोई घालायचं ठरवलं आणि रांजण मुकिंदाला सांगितले. माती नेहमीच्या तिप्पट लागणार होती. कण्हत कुथत त्याने नऊ घमेली माती मळायला घेतली. लिदीचं दुसरं घमेलं कुटून होईतो त्याचे खांदे भरून आले, आणि तो थांबला.

त्याची बायको येसू म्हणाली, "माती तिप्पट घेतलीत, मग लीदही तिप्पट नको का?"

"एकाची दोन केली की," मुकिंदा म्हणाला. "अजून किती वाढवू?"

उरलेली मी कुटते, असं काही येसू म्हणाली नाही. तीही दमलीच होती बिचारी.

रांजण घडवले, वाळवले, भट्टीत भाजले. भट्टी उघडली तर एकही धड नाही. प्रत्येकाच्या पोटाला बोट जाईल एवढी भेग. मुकिंदा तिथेच राखेत बसला. रडावं म्हटलं तर तेवढंही त्राण नव्हतं. समोर पाणपोईचा मांडव रिकामा उभा होता. बाजारकरी आत डोकावत होते आणि कोरड्या तोंडाने पुढे जात होते. त्याला मान वर करवेना.

शेवटी तो उठला. घरातला एकुलता एक रांजण त्याने मांडवात नेऊन ठेवला, नदीवरून पाणी आणून भरला. मग घरी येऊन येसूकडे चाळण मागितली.

"या खेपेला लीद किती?" तिने विचारलं.

"तीन घमेली. माती नऊ." त्याने चाळण हातात घेतली. "एका घमेल्याचा कंटाळा केला गं, आता बारा तुडवायची आली."

येसूने पदर खोचला. "लीद मी कुटते," ती म्हणाली.

तात्पर्य: जोडीच्या दोन गोष्टींपैकी एक जितक्या पटीने वाढवाल, तितक्याच पटीने दुसरीही वाढवा, नुसती थोडी वाढवून भागत नाही, आणि तिथे वाचवलेले कष्ट पुढे कितीतरी पटीने करावे लागतात.