अकरा शून्ये

"मग ही मुलं मुकी आहेत का, गुरुजी?"

टेकाळे सरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा जुरू गुरुजी अंगणात बसून चिंच फोडत होते. आताही चिंचच फोडत होते.

"जेवणाच्या सुट्टीत ऐकलंत का त्यांना?"

"सुट्टीत कान किटतात."

"मग मुकी नाहीत," गुरुजी म्हणाले, आणि चिंचोका बाजूला टाकला.

टेकाळे सर अहमदपूरकडचे. डी.एड., बी.ए., एम.ए. गडचिरोलीच्या अगदी टोकाच्या या माडिया गावात दीड वर्षापूर्वी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर शैक्षणिक साहित्याच्या तीन पेट्या होत्या. त्यातल्या दोन अजून उघडायच्या आहेत. उघडायला काय हरकत होती हे कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते कळलंही नाही.

जुरू हिचामी याच गावचे, माडियाच. चौतीस वर्षं मास्तरकी करून घरी बसलेले. नात राजे तिसरीत आणि तिचे पालक हेच, म्हणून शाळेच्या समितीचे अध्यक्ष. गावात सही करू शकणारा माणूस अध्यक्ष होतो, आणि अध्यक्ष झाला की सह्याच करत राहतो.

सरांनी पिशवीतून कागद काढला.

"पट अकरा. चाचणी घेतली, अकराही जणांना शून्य. एकानेही तोंड उघडलं नाही. सोमवारी साहेब स्वतः येऊन पाहणार. तेव्हाही हेच झालं तर शाळा बंद, आणि मुलं आश्रमशाळेत. तुमची संमती आधीच जोडली तर सगळ्यांचाच त्रास वाचेल."

"आश्रमशाळा किती लांब?"

"तीस किलोमीटर."

"अकरांतली चार जातील. होळीला घरी येतील. मग परत जाणार नाहीत."

सरांनी कागद पुढे सरकवला. शाळा बंद झाली की त्यांची बदली तालुक्याजवळ होणार होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून साऱ्या गावाला माहीत होतं.

गुरुजींनी कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"अप्रगत," ते वाचत म्हणाले. "मी पाच शाळांवर होतो, सर. तीन बंद झाल्या. तिन्हींच्या कागदावर हाच शब्द. अक्षर तेवढं बदलतं."

शिक्षण खात्यात मूल गप्प बसलं तर ते अप्रगत ठरतं. अधिकारी गप्प बसला तर तो विचारी ठरतो.

"तुमचा विश्वास नाही ना? इथंच दाखवतो," सर म्हणाले. "राजे, इकडे ये."

नऊ वर्षांची राजे शेळीला पाला घालत होती. ती आली. सरांनी ढिगातली एक चिंच उचलून तिच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

राजेने चिंचेकडे पाहिलं. मग सरांकडे.

"सांग ना. घाबरू नको. काय आहे हे?"

...

"बघा!" सर म्हणाले. "अंगणात चिंचेचा डोंगर पडलाय आणि हिला चिंच सांगता येत नाही."

राजे आजोबांना माडियात हळूच काहीतरी म्हणाली. गुरुजींचा हात थांबला.

"काय म्हणाली?"

"विचारते, सरांना ताप आहे का?"

"ताप?"

"सकाळी तुम्ही आमची चिंच खाल्लीत. पाणी मागून घेतलंत वरून. आता विचारता, हे काय."

सर हसले, पण पूर्ण नाही. "अहो, मला माहीत आहे हे काय ते! तिला येतं का, ते बघतोय."

"ते तिला कसं कळावं? आमच्यात ज्याला माहीत नसतं तो विचारतो."

"आणि माहीत असून विचारलं तर?"

"माहीत असून विचारायला इथं दोघंच येतात. चौकशीवाले आणि मास्तर. चौकशीवाल्यांपुढे गप्प बसायचं, हे पोर चालायला लागतं तेव्हाच शिकतं. मास्तर त्यांच्यातला नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं."

सरांनी हातातली चिंच ढिगात परत ठेवली.

"तुम्ही इथलेच," सर म्हणाले. "तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार."

"नऊ वर्षं लागली."

"नऊ?"

"डी.एड. करून आलो होतो ना. नऊ वर्षं पोरांना विचारत होतो, हे काय, ते काय. पोरं गप्प. मी छडी आणली. एक दिवस माझी आई शाळेवरून जात होती, खिडकीपाशी थांबली. मी गाईचं चित्र धरून उभा होतो. संध्याकाळी शेजारणीला म्हणाली, पोरगा शिकायला गेला तेव्हा बरा होता. आता गायसुद्धा ओळखत नाही."

सर या वेळी मोकळं हसले. गुरुजी हसले नाहीत.

"त्या नऊ वर्षांतली किती पोरं शाळा सोडून गेली, ते मी मोजलेलं नाही..."

"मग काय विचारायचं त्यांना?"

"तुम्हाला माहीत नाही ते."

सर विचारात पडले. कपाळाला आठ्या पडल्या. एम.ए. झालेल्या माणसाला तिसरीच्या मुलीकडून जाणून घेण्यासारखं काय असेल, ते त्यांना प्रामाणिकपणे आठवेना. विचार करता करता ते मनगट खाजवू लागले. मग कोपरापर्यंत. मग मान.

"कालपासून हे एक लागलंय," ते वैतागून म्हणाले. "मलम लावलं, काही फरक नाही. कशानं झालं कोण जाणे."

"मला काय सांगता? तिला विचारा."

"हिला?"

गुरुजी चिंच फोडत राहिले.

सरांनी बाही वर केली. हात लालभडक झाला होता. या वेळी त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

"राजे... हे कशानं झालं गं?"

आणि राजे बोलायला लागली. अर्धं मराठीत, अर्धं माडियात, हातवारे करून. सर काल मोहाखाली बसले, तिथलं हे नाही. तिथून शाळेकडे येताना सात झाडं सोडली की खाजकुयलीची वेल आहे. तिथं सर फोनला रेंज बघत उभे होते. हात वर करून, बराच वेळ. (तिने सरांसारखा हात वर करून दाखवला. तोंडही तसंच केलं.) शेंगा वाळल्या की वाऱ्याने त्यांच्यावरची खाजरी कूस उडते. परवा तिन्ही घोस मिळून सव्वीस शेंगा होत्या. आज सकाळी सतरा. नऊ फुटल्या. लहान भाऊ तिकडे खेळतो, म्हणून ती रोज मोजते. आता सरांनी खाजवायचं नाही. शेण लावायचं, वाळू द्यायचं, मग धुवायचं.

"शेण?" सर म्हणाले.

"ओलं," राजे म्हणाली, आणि ते आणायला पळाली. तिच्याकडून इलाज करून घ्यायला एक शिकलेला माणूस मिळाला होता. असा योग रोज येत नाही.

सरांनी गुरुजींच्या मांडीजवळचा कागद उचलला. राजेच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: हातच्याची वजाबाकी येत नाही. मराठीत बोलता येत नाही. निरीक्षणशक्ती नाही.

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग घडी घातली आणि आणखी एक घडी घातली. तालुक्याजवळची बदली त्या घडीत गेली, हे त्यांना कळलं असावं, कारण चेहरा थोडा उतरला.

राजे शेण घेऊन आली. सरांनी हात पुढे केला. तिने मनगटापासून कोपरापर्यंत लिंपलं, भिंत सारवावी तसं, आणि पुन्हा शेळीकडे गेली.

"सोमवारी साहेबांना सांगतो मी हे सगळं," सर म्हणाले.

"सांगा."

"ऐकतील?"

"मी चार साहेबांना सांगितलं. चौघांनी चहा घेतला..."

"म्हणजे ते छापील प्रश्न विचारणार. ज्यांची उत्तरं त्यांच्याच हातात असणार. आणि मुलं..."

"हं."

"पुन्हा अकरा शून्ये. शाळा बंद. मग मी करू काय, गुरुजी?"

गुरुजींनी पाठ भिंतीला टेकली. फार दमलेले दिसत होते. चौतीस वर्षं दमत आलेला माणूस एका दुपारी बसून ताजा होत नाही.

"साहेब यायचे कसे?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"गाडी नाल्यापर्यंत. पुढे दोन किलोमीटर पायी. जंगलात तीन ठिकाणी वाट फुटते आणि साहेब इकडे पहिल्यांदाच येतायत. चुकले तर दिवसभर सापडायचे नाहीत. सकाळी त्या बाजूला माणूस म्हणून नसतो, आपली ही पोरं तेवढी मोह वेचत असतात. म्हणून मी आठलाच नाल्यावर उभा राहणार आहे त्यांना घ्यायला."

गुरुजींनी डोळे उघडले.

"तुम्ही जाऊ नका," गुरुजी म्हणाले. "वाट त्यांना पोरांनाच विचारू द्या."