गप्प बसणारं पिल्लू

खूप खूप वर्षांपूर्वी नदीकाठच्या माळावर एक टिटवी राहायची. टिटवीचं घर म्हणजे उघडी जमीन, ना फांदी ना ढोली. त्यामुळे पिल्लाच्या काळजीने तिच्या जिवाला सारखा घोर असायचा.

पिल्लाला ती रोज एकच शिकवायची. "पाऊल वाजलं की जमिनीला चिकटून पडायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. कुणी का असेना!"

एकदा टिटवी पाण्यावर गेली. इकडे पिल्लू किड्यामागे धावता धावता लांब गेलं आणि वाळलेल्या चिखलाच्या भेगेत त्याचा पाय अडकला. ऊन चढलं. घसा कोरडा पडला. ते कुईकुई करू लागलं.

तेवढ्यात शेजारची म्हैस तिथून चालली होती. रोज सकाळी टिटवीची विचारपूस करायची, तीच ही.

"कोण गं बाई कुईकुई करतंय? टिटवीचं बाळ की काय?"

पिल्लाला ओ द्यावीशी फार वाटली. पण आईचं बोलणं आठवलं आणि ते गप्प पडून राहिलं. "भास झाला वाटतं," म्हणत म्हैस पुढे गेली.

मग आलं मुंगूस. "अरे अरे, पाय अडकला होय रे राजा? मी सोडवतो हं. माझ्या बिळात गारेगार सावली आहे. फक्त ओरडू नकोस. आणि आईला सांगू नकोस, मारेल ती तुला."

गप्प राहा, असं आईही म्हणायची. पण आईपासून लपव, असं ती कधीच म्हणाली नव्हती.

पिल्लू जीव खाऊन ओरडलं, "म्हैसमावशीऽऽ!"

म्हैस धाडधाड पळत आली. मुंगूस पसार झालं. म्हशीने पिल्लाला कुठे नेलं नाही. त्याच्यावर सावली धरून ती तिथेच उभी राहिली आणि मोठ्याने ओरडली, "टिटवे, अगं लवकर ये!"

टिटवी आली. म्हशीने तिला घडलं ते सगळं सांगितलं. चोचीने माती उकरून तिने पाय सोडवला आणि रडत रडत रागावली. "मावशी मघाशी इथूनच गेली ना? तेव्हा का नाही हाक मारलीस?"

"तूच म्हणालीस ना, कुणी का असेना!"

टिटवीने त्याला पंखाखाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लाला घेऊन ती म्हशीकडे गेली, डोहातल्या कासवआजोबांकडे गेली. "अडचण आली तर हे तुम्हाला हाक मारेल हं," म्हणाली.

मग पिल्लाला म्हणाली, "जो आईला बोलावतो, त्याच्याजवळ थांबायचं. जो आईपासून लपवायला सांगतो, त्याच्यापासून ओरडत पळायचं. आणि मला सगळं सांगायचं."

"तू रागावशील."

"रागावले तरी आधी जवळ घेईन."

तेव्हापासून माळावर खुट्ट झालं की टिटव्या गप्प बसत नाहीत. मुंगूस लांबूनच परत फिरतं.

तात्पर्य : मुलांना नुसतं भ्यायला शिकवू नये, हाक कुणाला मारायची तेही शिकवावं.