न बोलता पुढे दिलेला बॉल

नदीकाठच्या एका गावात एक तालीम होती, आणि त्या तालमीची फुटबॉलची एक टीम होती. कुस्तीचा हौदा कधीच बुजला होता. लाल मातीत आता कुणी उतरत नव्हतं. पण फुटबॉल होता. गावातलं मूल चालायला लागलं की त्याच्या पायापुढं आधी बॉल टाकायचे.

या टीमनं एकदा तालुक्याची ढाल जिंकली होती. ती जिंकणारे गडी पुढं थकले. कुणाचा गुडघा गेला, कुणाचं पोट सुटलं. पण गावाला त्यांचीच नावं गोड लागायची. म्हणून दर हंगामाला तेच मैदानात उतरायचे, आणि दर हंगामाला टीम आणखी खाली जायची. शेवटी एका सामन्यात तर हाफटाइमनंतर निम्मे गडी कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. पळणं संपलं होतं. तेव्हा कुठं गावाला कळलं की आता नव्यानं सगळं उभं करायला पाहिजे.

तालमीपुढं दगडी कट्टा होता. तालमीचं सगळं तिथं बसून ठरायचं. ठरवायची रीत जुनी होती. एक बॉल हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात बॉल, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. कुणाला बोलायचं नसेल तर त्यानं बॉल तसाच पुढं द्यायचा. त्याचा अर्थ एवढाच, की आधीच्यांनी जे सांगितलं ते मला मान्य आहे. शेवटी बॉल जायचा सगळ्यांत वयस्कर खेळाडूकडं. त्याचं बोलणं झालं की मग तालमीचे कारभारी निकाल सांगायचे. कारभारी म्हणजे रंगराव. ते त्या वयस्कर माणसाच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते.

तो वयस्कर माणूस म्हणजे हिंदुराव आबा. तरुणपणी ते मागं बचावाला खेळायचे. बायको देवाघरी गेली होती. मुलगा लांब शहरात होता. आबांना घर असं राहिलंच नव्हतं. सकाळचा चहा कट्ट्यावर, संध्याकाळचाही कट्ट्यावरच. कोपऱ्यातला उन्हाचा दगड त्यांचा. ते आले की तिथं बसलेला माणूस आपण होऊन उठायचा.

त्या वर्षी सगळ्यांनी मिळून टीम केरबाच्या हवाली केली, आणि तो टीमचा वस्ताद झाला. केरबा गावाला पाणी सोडायचा. टाकीची चावी त्याच्याकडं असायची. स्वतः तो चांगला खेळलेला होता, आणि त्याहून चांगला बघायचा. बॉल हातात आला तेव्हा तो म्हणाला, "जुने गडी बसवावे लागतील. नवी पोरं घेईन. पहिल्या हंगामात आपण हरू, हे आत्ताच सांगतो. दोन हंगाम द्या. तिसऱ्याची वाट बघायला लावणार न्हाई."

हिंदुराव आबांनी बॉल घेतला आणि म्हणाले, "दिले दोन हंगाम."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना माणसाला हरणं कसं असतं ते आठवत नाही.

केरबानं पोरं गोळा केली. गोलात उभा राहायला इर्शाद घेतला. मागं बचावाला दशरथ घेतला. दशरथ वीटभट्टीवर कामाला जायचा. अंगानं काडी, पण पाय शहाणे. केरबाचा नियम एकच होता. आंधळेपणानं उंच किक मारायची नाही. बॉल मागून पुढं न्यायचा, पायातून पायात. गावाला ही चाल ठाऊक नव्हती. गावाला उंच किक आवडायची. बॉल आभाळात गेला की माणसं खूश. म्हणून पोरांच्या पायात बॉल आला की मैदानाच्या चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, "उडव की रं! उडव!"

पहिला सामना सहा गोलांनी गेला. दशरथच्या पायात बॉल आला की तो जागीच खिळायचा. तो खाली बॉलकडं बघत राहायचा, आणि समोरचा येऊन घेऊन जायचा. दुसरा सामना चार गोलांनी गेला. कट्ट्यावर थट्टा सुरू झाली. बबन पाटील म्हणाला, "इर्शादच्या आईला आता सैपाक कमी करावा लागतोय. पोरगं मैदानातच एवढे गोल खातंय की घरी भाकरी लागतच न्हाई." सगळे हसले. इर्शादचा बाप तिथंच बसला होता. तोही हसला, कारण दुसरं काय करणार.

हिंदुराव आबा एकही सामना चुकवत नव्हते. ते गोल मोजत नव्हते. त्यांची नजर मागच्या पोरांवर असायची, कारण आयुष्यभर ते तिथंच उभे राहिले होते. तिसऱ्या सामन्यात पोरांनी एक गोल केला आणि तीन खाल्ले. चौथ्यात दोन खाल्ले. पाचव्या सामन्यात आबांना एक गोष्ट दिसली. दशरथच्या पायात बॉल आला. समोरून दोघं धावत आले. गाव ओरडलं, "उडव!" आणि पोरानं मान वर केली. खाली बघितलंच नाही. बॉल पायाखाली धरला, लांब उजवीकडं आपला गडी मोकळा आहे ते बघितलं आणि अलगद तिथं दिला. साधी गोष्ट. तोही सामना एका गोलानं गेला. पण आबा घरी निघाले ते लग्नाहून निघाल्यासारखे.

वाटेत टाकीजवळ केरबा भेटला. आबा म्हणाले, "लेका, आज तुझं पोरगं मान वर करून खेळलं."

केरबा थांबला. "तुम्हाला दिसलं, आबा?"

"दिसलं की."

"मग बास," केरबा म्हणाला. "गावात एकाला दिसलं तरी मला बास."

सहावा सामना पलीकडच्या काठावरच्या गावाशी होता. त्या गावाशी हरणं म्हणजे वर्षभर बाजारात मान खाली घालणं. पोरं जिवानं खेळली. शेवटची दोन मिनिटं राहिली तरी कुणाचाच गोल झाला नव्हता. तेवढ्यात दशरथनं बॉल इर्शादकडं मागं दिला. पास जरासा हळू पडला. समोरचा गडी मधेच घुसला, आणि गोल झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंदुराव आबा कट्ट्यावर आले. कोपऱ्यातल्या दगडावर बबन बसला होता. तो उठला नाही. म्हणाला, "आबा, तुमच्या शब्दाखातर दोन हंगाम दिलं. पलीकडची माणसं आता आमच्या तोंडावर हसत्यात. जरा उभं राहून बगा, कसं वाटतंय." कुणी त्याला गप्प केलं नाही. चहाचे ग्लास आले. आबांच्या वाट्याचा ग्लास त्या दिवशी आलाच नाही. विसरले असतील. पण आबा उभेच राहिले.

संध्याकाळी सगळी तालीम जमली. पोरं एका बाजूला दाटीवाटीनं बसली होती. दशरथ सगळ्यांच्या मागं होता. बॉल फिरायला लागला.

बबन म्हणाला, "वस्ताद पाणी सोडत्यात ते ठीक. टीमवर का सोडलं?"

दुसरा म्हणाला, "बाहेरून चार तयार गडी आणा. अजून सहा सामने हायत. अब्रू तर राहील."

तिसरा बोलला, चौथा बोलला. काही जणांनी बॉल तसाच पुढं दिला.

मग बॉल केरबाकडं आला. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "मुदत दोन हंगामांची होती. अजून पहिला निम्माच झालाय. सहा खाल्ले, मग चार, मग तीन, दोन, एक, एक. हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, स्वतःचंच झाकतोय. म्हणून मी सांगत न्हाई. ज्यांना खेळ कळतो त्यांनी सांगावं." आणि त्यानं बॉल हिंदुराव आबांच्या हातात दिला.

आबांना सगळं ठाऊक होतं. पोरानं मान वर केली होती. मान वर करून खेळणारं पोरगं वर्षभरात कुठं जातं, हेही त्यांना ठाऊक होतं. मागं दिलेला पास बरोबरच होता, फक्त वीतभर हळू पडला, हेही त्यांना दिसलं होतं. एवढं बोलायला चार वाक्यं लागली असती. पण त्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळे चेहरे रागानं तापलेले. त्यांना आपल्या घरातली बंद खोली दिसली, आणि संध्याकाळी तिथं एकटंच बसलेलं एक म्हातारं माणूस दिसलं. आबांनी मनात म्हटलं, केरबा जाणता आहे. तो निभावून नेईल.

त्यांनी बॉल रंगरावांकडं सरकवला. काही बोलले नाहीत. रीतीप्रमाणं कट्ट्यानं ते होकार धरलं, आणि रंगरावांनी निकाल सांगितला की टीम केरबाकडून काढून घ्यायची आणि बाहेरून गडी आणायचे.

केरबा उठला. गळ्यातली शिट्टी काढून त्यानं रंगरावांपुढं ठेवली. जाताना आबांजवळ क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, "बॉल फार जड होता का, आबा?"

बबन उठून आबांना म्हणाला, "बसा, बसा." कोपऱ्यातला दगड मोकळा झाला. चहाही आला.

बाहेरून चार गडी आले. धिप्पाड होते. उंच किक मारायचे. उरलेल्या सहा सामन्यांत टीमनं तीन जिंकले. गावानं फटाके वाजवले. केरबाची पोरं ज्या दिवशी बसवली त्या दिवशी बसली, ती पुन्हा उठली नाहीत. हंगाम संपला तसे ते चार गडी दुसऱ्या गावाला खेळायला गेले. पुढच्या वर्षी टीम उभी करायला माणसंच नव्हती. जुने म्हातारे झाले होते, आणि नवे कुणी घडवलेच नव्हते. इर्शाद मामाच्या गावाला गेला. दशरथ लांबच्या एका फाउंड्रीत कामाला लागला. दोन वर्षांनी तालमीनं स्पर्धेतून नावच काढून घेतलं. मैदानात गवत वाढलं, आणि लोक त्यात शेरडं बांधायला लागले.

कट्टा तेवढा राहिला. हिंदुराव आबांना रोज दोन वेळा चहा मिळायचा. फुटबॉलचं मात्र तिथं कुणी बोलत नव्हतं.

एके दिवशी सकाळी आबा पाण्याच्या टाकीवर गेले. केरबा चावी फिरवत होता. आबा म्हणाले, "केरबा, त्या दिवशी माझं चुकलं."

केरबानं त्यांना बसायला आपलं पोतं अंथरलं. त्याला राग नव्हता. राग असता तर आबांना बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "माझं काय, आबा. मी तवाबी पाणी सोडत होतो, आताबी सोडतो. सांगायचं होतं ते त्या पोरांना."

त्या वर्षी जत्रेला दशरथ गावी आला. खांदे भरले होते, हातांवर भाजल्याचे डाग होते. आबांनी त्याला स्टँडवर गाठलं. तो परतीच्या गाडीची वाट बघत उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला.

आबा म्हणाले, "पोरा, पाचव्या सामन्यात तू मान वर करून खेळलास. मला दिसलं होतं. आणि पलीकडच्या गावाबरोबर तू दिलेला पासबी बरोबर होता. जरा हळू पडला एवढंच. तुझ्या जागी मीबी तोच दिला असता."

दशरथनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "खरंच, आबा?"

"खरंच."

"मग त्या दिवशी कुणी बोललं कसं न्हाई? मी तर इतकी वर्सं हेच धरून बसलो होतो की माझ्या एका पासमुळं वस्ताद गेले. मी त्यांच्या दारावरनंसुदिक जात न्हाई. लाज वाटती. गावात आलो की मागच्या गल्लीनं घर गाठतो."

आबा म्हणाले, "तुझ्यामुळं न्हाई रं. माझ्यामुळं."

गाडी आली. दशरथनं पिशवी उचलली. "जाऊन येतो, आबा," तो म्हणाला. "आता टाकीवर वस्तादांना भेटायलाबी वेळ न्हाई." आणि तो चढला. खिडकीजवळ जागा होती, तरी तो आत पलीकडं जाऊन बसला. आबा हात वर करून उभे राहिले. गाडी वळणाआड गेली तरी त्यांचा हात तसाच होता.

तात्पर्य: पडत-धडपडत उभं राहणाऱ्याचा निवाडा नुसत्या हार-जितीवर करू नये, आणि ज्याला त्याचं उभं राहणं दिसलं, त्यानं विचारल्या वेळी तोंड उघडावं. त्याच्या गप्प बसण्याचा भार शेवटी निष्पाप माणूस वाहतो.